कोफी, भगदत्त आणि नाईम

कोफी अन्नान या नावातल्या ‘कोफी’चा अर्थ शुक्रवार. १९९७ ते २००६ अशी दहा वर्षं ते संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस होते, नाव सतत बातम्यांत असायचं, आणि ते घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक होतं. घानातल्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला जन्मासोबतच मिळतं. रविवारचा मुलगा क्वासी, सोमवारचा कोजो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. मुलींसाठी आणखी सात नावं. अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, आणि तो शुक्रवार होता. त्यांची जुळी बहीण एफुआ, म्हणजे शुक्रवारचीच. आणि दोघांच्याही नावात ‘अट्टा’ हा जुळ्यांसाठीचा शब्द.

या रीतीतला मोकळेपणा मला फार आवडतो. आईवडिलांनी काही ठरवण्याआधीच बाळाला नाव असतं. त्यानं शूर व्हावं, विद्वान व्हावं, घराण्याचा लौकिक वाढवावा, असं त्या नावात काही नाही. तू शुक्रवारी आलास, आम्ही ते पाहिलं, एवढंच. आशा-अपेक्षांचं दुसरं नाव नंतर सावकाश येतं.

गुलामांच्या व्यापारात अकान माणसं अटलांटिकपार नेली गेली. मळेवाल्यांच्या वह्यांत त्यांच्यावर इंग्रजी नावं चढवली गेली, पण वारांची नावं चिवट निघाली. जमैकाच्या डोंगरांत पळून जाऊन ब्रिटिशांशी झुंजणाऱ्या मरून लोकांचा म्होरक्या होता कजो. १७३९ साली ब्रिटिशांना त्याच्याशी तह करणं भाग पडलं. कजो म्हणजे आपला सोमवारचा कोजोच. त्याच्यामागून नेतृत्व कोणाकडे जाईल तेही त्या तहात लिहिलं आहे, आणि त्या नावांत एक कफी आहे, एक क्वाको आहे. शुक्रवार आणि बुधवार. समुद्र ओलांडताना या माणसांकडून घर, भाषा, माणसं, सगळं हिरावलं गेलं होतं; आपण कोणत्या वारी जन्मलो हे मात्र त्यांच्याकडे उरलं.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर असाच एक कोफी होता. गुलामीतून सुटला, पण मालकाचं स्लोकम हे आडनाव त्याला चिकटलेलं राहिलं. १७५९ साली जन्मलेला त्याचा मुलगा पॉल पुढे मोठा जहाजमालक झाला. त्यानं स्लोकम टाकून दिलं आणि बापाचं पहिलं नाव आडनाव म्हणून घेतलं: पॉल कफी. बंदराबंदरांतल्या नोंदवह्यांत मालकाच्या घराण्याऐवजी एक शुक्रवार लिहिला जाऊ लागला.

नावांच्या पुस्तकांत नाव असतं आणि त्यासमोर एक शब्द: शांती, खडक, सिंह, पहाट. ही पुस्तकं मी आवडीनं वाचतो, पण त्या एका शब्दावर माझं समाधान होत नाही. मला वाटतं, प्रत्येक नाव कोणाला तरी उद्देशून ठेवलेलं असतं, आणि तो ‘कोणीतरी’ दर वेळी बाळच असतं असं नाही. नावाचा उगम शोधताना मी हेच पाहतो: ठेवणारा त्या क्षणी कोणाशी बोलत होता?

मंगोलियात माणसाचं नाव ‘नेरग्वी’ असू शकतं. अर्थ: नाव नाही. ‘एनेबिश’ म्हणजे हा नव्हे. ‘हुनबिश’ म्हणजे माणूस नव्हे. ‘मूनोखोई’ म्हणजे वाईट कुत्रा. आधीची मुलं दगावलेल्या घरांत अशी नावं ठेवली जात. बाळ न्यायला आलेल्या दुष्ट शक्तीनं हाक ऐकावी, आणि इथे माणूस नाही, तुम्ही शोधताय तो हा नव्हे, असं समजून मागे फिरावं. ‘हा नव्हे’ या नावाचा अर्थ कोशात पाहिला तर नकार दिसतो. बोलणं कोणाशी चाललं आहे ते कळलं की त्याच नकारात आईचा जीव दिसतो. माझ्या लेखी जगातल्या सगळ्यांत मायाळू नावांत हे येतं, आणि गोड अर्थाच्या शेकडो नावांपेक्षा मला ते अधिक हलवून जातं.

नायजेरियातले योरुबा लोक हेच दुःख वेगळ्या बाजूनं बोलतात. एकापाठोपाठ मुलं जात राहिली तर ते एकच मूल पुन्हा पुन्हा येऊन जातं आहे, असा समज. त्या मुलाला अबीकू म्हणतात. मग पुढच्या बाळाचं नाव ठेवायचं मालोमो, ‘पुन्हा जाऊ नकोस’. किंवा दुरोजाये, ‘थांब, जगणं उपभोग’. मंगोल आई मृत्यूला फसवते, योरुबा आई थेट बाळाला विनवते. आणि हे मूल जगलं, मोठं झालं, म्हातारं झालं, तरी लोक त्याला आयुष्यभर ‘थांब’ म्हणतच हाक मारणार.

योरुबांचीच जुळ्यांची नावं आठवली म्हणून सांगतो. आधी जन्मतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. पण थोरला मानतात केहिंदेला. जग कसं आहे ते चाखून बघायला त्यानं धाकट्याला पुढे पाठवलं, अशी त्यामागची समजूत.

सगळीच नावं मायेची नसतात. चीनमध्ये मुलींचं एक जुनं नाव आहे ‘झाओदी’. अर्थ: धाकट्या भावाला बोलावून आण. ‘लायदी’ म्हणजे भाऊ येवो, ‘पानदी’ म्हणजे भावाची आस. समोर जिवंत मुलगी आहे, तिच्या तोंडाकडे पाहून तिला हाक मारली जाते आहे, आणि ती हाक अजून न जन्मलेल्या मुलासाठी आहे. नकोशी झालेली लेक स्वतःचं नाव सांगते तेव्हा दर वेळी दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत असते. नेरग्वी या नावात वरवर नकार आणि आत माया आहे; झाओदीत वरवर शुभेच्छा आहे आणि आत नकार. अशी नावं बदलून घेणाऱ्या स्त्रियांना मी मनापासून दाद देतो. नाव वडिलधाऱ्यांनी दिलं म्हणून ते पवित्र, असं मी मानत नाही.

नाव बदलल्यानं माणूस बरा होतो, ही समजूत जावा बेटावर आहे. तिथे एखादं नाव बाळाला ‘जड’ होऊ शकतं; पेललं नाही की मूल आजारी पडतं, मग नाव उतरवून दुसरं ठेवायचं. १९०१ साली जन्मलेला कुस्नो नावाचा मुलगा असाच वरचेवर आजारी पडायचा. वडील शाळामास्तर, महाभारताचं वेड असलेले. त्यांनी मुलाला कर्णाचं नाव दिलं आणि पुढे ‘सु’ जोडला. जावाच्या उच्चारात कर्णाचा कर्नो होतो. हा मुलगा म्हणजे सुकार्नो, स्वतंत्र इंडोनेशियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. एक हलकं नाव पेलत नव्हतं म्हणून बापानं थेट कर्णाचं द्यावं, हे धाडसच म्हणायचं. कर्णाची निष्ठा, शौर्य, दातृत्व हवं होतं. त्याचं कौरवांच्या बाजूनं उभं राहणं नको होतं, आणि ते वगळण्याचं सगळं काम त्या एका ‘सु’वर सोपवलं होतं.

सुकार्नो हे पूर्ण नाव आहे. आडनाव नाही, वडिलांचं नाव नाही. इंडोनेशियात अशी एकपदी नावं लाखो लोकांची आहेत. २०२२ साली तिथल्या सरकारनं नियम केला की नव्यानं नोंदल्या जाणाऱ्या नावात किमान दोन शब्द हवेत. पारपत्रं आणि अर्ज यांच्या रकान्यांना दोन शब्द लागतात, हे कारण मला समजतं. तरी वाईट वाटतं. म्यानमारचे ऊ थांट संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले, त्यांचंही नाव फक्त ‘थांट’ होतं. ‘ऊ’ हे आदरानं लावायचं संबोधन. एका शब्दाच्या माणसानं दहा वर्षं ते पद सांभाळलं.

आता प्रवासाला निघालेल्या नावांकडे येतो, कारण माझा खरा जीव तिथे अडकतो.

हिब्रूत एक नाव होतं योहानान, ‘देव कृपाळू आहे’. ते ग्रीकमध्ये गेलं, तिथून लॅटिनमध्ये, आणि ख्रिस्ती धर्माबरोबर युरोपभर पसरलं. प्रत्येक भाषेनं ते आपल्या जिभेला वळवून घेतलं. इंग्रजीत जॉन, फ्रेंचमध्ये जाँ, स्पॅनिशमध्ये हुआन, इटालियनमध्ये जोव्हान्नी, रशियनमध्ये इव्हान, जर्मनमध्ये योहान आणि लाडाचं हान्स, हंगेरियनमध्ये यानोश, आर्मेनियनमध्ये होव्हान्नेस. आयरिश शॉन आणि स्कॉटिश इयन हेही तेच. अरबीतला यह्या याच योहानानशी जोडला जातो. युरोपातल्या युद्धांच्या इतिहासात दोन्ही बाजूंच्या मेलेल्या सैनिकांच्या याद्या पाहिल्या तर एकीकडे जाँ आणि जॉन, दुसरीकडे योहान आणि हान्स. एकमेकांवर बंदूक रोखणाऱ्या दोघांच्या आयांनी ‘देव कृपाळू आहे’ असंच म्हटलं होतं.

याहून मोठं कुळ आहे ‘देवानं दिलेला’ या नावाचं. मूल झालं की माणसाला हेच म्हणावंसं वाटतं, आणि बोलणं देवाशी असतं: मिळालं, आभार. ग्रीकांनी थिओडोर म्हटलं. तेच दोन शब्द उलटे केले की डोरोथिया. हिब्रूत नथानिएल, अरबीत अताउल्लाह, फारसीत खुदादाद. प्राचीन इराणातल्या पार्थियन आणि काळ्या समुद्राकाठच्या पोंटसच्या राजांत मिथ्रिडेटीस, मित्र देवानं दिलेला. इजिप्तच्या इसिस देवीनं दिलेला तो इसिडोर; आणि हे नाव सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या ख्रिस्ती बिशपाचं होतं, ज्यानं शब्दांच्या उगमांवर आयुष्य घालवलं आणि ज्याला चर्चनं संत ठरवलं. देवी मागे पडली, तिची देणगी नव्या धर्मात खुशाल नांदली.

स्लाव्ह लोकांत हेच नाव बोगदान. ‘बोग’ म्हणजे देव, ‘दान’ म्हणजे दिलेला. ‘दान’ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ‘बोग’ हा शब्द जुन्या इराणी ‘बग’चा आणि संस्कृत ‘भग’चा नातेवाईक. भग म्हणजे भाग्य देणारा, वाटा देणारा देव. ‘भगवान’ त्यातूनच आला. प्राचीन इराणात बगदात हे नाव होतं. आणि महाभारतात, हत्तीवर बसून अर्जुनाशी लढणारा प्राग्ज्योतिषाचा म्हातारा राजा कोण? भगदत्त. बुखारेस्टच्या किंवा कीव्हच्या रस्त्यात कोणी ‘बोगदान!’ अशी हाक मारतं, तेव्हा ती हाक आणि कुरुक्षेत्रावरचा भगदत्त ही एकाच मातीतली रोपं असतात. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

असंच दुसरं कुळ कीर्तीचं. ग्रीक ‘क्लेओस’, स्लाव्ह ‘स्लावा’, संस्कृत ‘श्रवस्’ या तिन्हींचं मूळ ‘ऐकणं’. लोकांच्या कानी जाते ती कीर्ती. पेरिक्लीस आणि सोफोक्लीस यांच्या नावांच्या शेवटी हीच कीर्ती आहे. यारोस्लाव आणि स्तानिस्लाव यांच्याही. आणि सात्यकीच्या हातून मेलेल्या भूरिश्रव्याच्याही, ज्याच्या नावाचा अर्थ विपुल कीर्तीचा. क्लिओपात्रा हे इजिप्शियन वाटणारं नाव अस्सल ग्रीक, ‘पित्याची कीर्ती’. तिच्या ‘पात्रा’त आपला पितृ आहे. जर्मन लुडविगचा पहिला तुकडा म्हणजे संस्कृत ‘श्रुत’ आणि दुसरा लढाई: लढाईत गाजलेला. फ्रान्समध्ये त्याचा आधी क्लोव्हिस झाला, मग लुई, आणि एवढ्या लुई राजांना मिळून ते एकच जुनं ‘श्रुत’ पुरलं. ही नावं ठेवणारे बाळाशी बोलत नव्हते, देवाशीही नाही. बाळ मेल्यानंतरही त्याची गाणी म्हणतील अशा लोकांशी ते बोलत होते.

प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यातही होतो. १६३२ साली ॲमस्टरडॅममध्ये पोर्तुगीज ज्यू घरात जन्मलेल्या तत्त्वज्ञ स्पिनोझाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, बारूक म्हणत, घरी बेन्तो, आणि पुढे लॅटिनमध्ये लिहिताना तो बेनेडिक्टस झाला. तीन भाषा, अर्थ एकच: आशीर्वाद लाभलेला. २७ जुलै १६५६ रोजी त्याच्या समाजानं त्याला बहिष्कृत केलं. दिवसा शापित असो, रात्री शापित असो, झोपताना शापित असो, उठताना शापित असो, असे त्या ठरावाचे शब्द आहेत. हा शाप उच्चारताना आधी त्याचं नाव घ्यावं लागलं असणार. तेवीस वर्षांच्या त्या मुलानं नंतर भिंगं घासून पोट भरलं, आणि नाव मात्र अर्थासकट ठेवलं, फक्त भाषा बदलून.

काही नावांना उगम म्हणावा असा उगमच नसतो, एखादी चूक असते. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या छापील संग्रहात एका राजकन्येचं नाव इमोजेन आहे. पण १६११ साली ते नाटक पाहिलेल्या माणसानं लिहून ठेवलं आहे इनोजेन, आणि छापखान्यात दोन ‘एन’ अक्षरांच्या जागी ‘एम’ वाचलं गेलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. त्या खिळ्यांतून निघालेलं नाव आज किती तरी मुलींचं आहे. ‘वेंडी’ची गोष्ट मला याहून जवळची. नाटककार बॅरी यांच्या एका कविमित्राची लहान मुलगी त्यांना मित्र म्हणायची, पण तिला ‘र’ म्हणता येत नसे, त्यामुळे इंग्रजी ‘फ्रेंडी’चं ‘फ्वेंडी’ व्हायचं. ती १८९४ साली, पाच वर्षांची असताना वारली. दहा वर्षांनी बॅरींनी पीटर पॅनच्या नाटकातल्या मुलीला वेंडी हे नाव दिलं, आणि तोवर जवळजवळ अपरिचित असलेलं ते नाव इंग्रजी बोलणाऱ्या जगात घरोघर गेलं.

नाव न मिळणं हाही या विषयाचा भाग आहे. रोमन पुरुषाला गायस, लुसियस, मार्कस असं स्वतःचं पहिलं नाव असे. मुलीला कुळाचंच नाव, स्त्रीलिंगी करून. जुलियस कुळातल्या सीझरची आत्या जुलिया, त्याच्या दोन्ही बहिणी जुलिया, आणि मुलगीही जुलिया. ओळखायला थोरली, धाकटी, तिसरी अशी विशेषणं लावत. कूळ सांगण्यापलीकडे तिच्या नावात तिला उद्देशून काही असावं, असं कोणाला वाटलंच नाही.

आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची रीत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तिथे नाव गेलेल्या माणसाकडून बाळाकडे येतं, आणि नावासोबत ते माणूसही काही प्रमाणात येतं. नावाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही. आजोबांचं नाव नातीला चालतं. मग आई आपल्या त्या मुलीला ‘बाबा’ म्हणू शकते, कारण नावानं ती तिचे वडील आहे. बाकीची नातीगोतीही त्याच हिशोबानं जुळतात. तान्ह्या मुलीशी बोलताना घर एकाच वेळी तिच्याशी आणि गेलेल्या म्हाताऱ्याशी बोलतं. कॅनडाच्या सरकारला या नावांचा मेळ बसवता येईना: आडनावं नाहीत, स्पेलिंग दर वेळी निराळं. म्हणून १९४१पासून प्रत्येक इनुइट माणसाला क्रमांक कोरलेली चकती देण्यात आली, जवळ बाळगायला, गळ्यात घालायला. पूर्वेकडच्यांसाठी ‘ई’ हे अक्षर, पश्चिमेकडच्यांसाठी ‘डब्ल्यू’, आणि पुढे आकडे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एब ओकपिक या इनुइट माणसानंच गावोगाव फिरून लोकांना आडनावं निवडायला मदत केली आणि चकत्या मागे पडू लागल्या. आडनाव हीसुद्धा बाहेरचीच गोष्ट होती. पण निदान तो शब्द होता आणि तो त्यांनी निवडलेला होता.

सरकार नावात पडतं तेव्हा दर वेळी वाईट हेतूनंच पडतं असं मी म्हणणार नाही. जपानमध्ये १९९३ साली एका बापानं मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, असं नोंदवायला नेलं. पालिकेनं ते अडवलं आणि मोठा वाद झाला. तिथे मी पालिकेच्या बाजूनं आहे. ते नाव मुलाला उद्देशून नव्हतं, पाहणाऱ्यांना चकित करण्यासाठी होतं. पण सज्जन हेतूची चौकटही लवकर आवळते. आइसलँडमध्ये १९९१पासून नावांची समिती आहे. नवं नाव भाषेच्या व्याकरणात बसतं का, ते ती पाहते, आणि साडेतीन-चार लाखांच्या आतल्या लोकसंख्येची भाषा टिकवायची तर ही काळजी मला समजते. ‘ब्लाएर’ म्हणजे मंद वारा. हा शब्द पुल्लिंगी, म्हणून एका मुलीला तो नाकारला गेला. पंधरा वर्षं तिच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’ असं लिहिलेलं होतं. २०१३च्या जानेवारीत रेक्याविकच्या न्यायालयानं तिला तिचं नाव दिलं, आणि २०१९च्या कायद्यानं नावांवरचं लिंगाचं बंधनच काढलं. फ्रान्सनं तर १८०३पासून नावं ठरावीक पंचांगांतून आणि प्राचीन इतिहासातून घ्यायला लावली. ती सक्ती पुरती उठायला १९९३ उजाडलं. त्यानंतरही ब्रिटनी प्रांतातल्या एका बाळाच्या ‘फान्श’ या ब्रेटन नावातल्या अक्षरावरच्या नागमोडी चिन्हासाठी आईवडिलांना कोर्टात जावं लागलं. २०१८मध्ये अपिलात ते जिंकले. एका चिन्हासाठी एवढं भांडावं का, असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारेन, एक चिन्ह अडवण्यासाठी एवढं भांडावं का?

१७ ऑगस्ट १९३८च्या नाझी वटहुकमाला मात्र वेगळ्या जागी ठेवायला हवं. सरकारनं छापलेल्या यादीतलं ज्यू नाव ज्यांचं नाही, अशा प्रत्येक ज्यू पुरुषाला १ जानेवारी १९३९पासून ‘इस्राएल’ आणि प्रत्येक ज्यू स्त्रीला ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं. सारा म्हणजे राजकन्या. बायबलमधली ती म्हातारी, जिला मूल होणार हे ऐकून हसू फुटलं, आणि म्हणून जिच्या मुलाचं नाव पडलं इसाक, ‘तो हसेल’. त्या हसण्याच्या गोष्टीतलं नाव ओळखपत्र तपासणाऱ्या पोलिसाला उद्देशून लिहिलं गेलं. अर्थ तोच राहिला होता, एका अक्षराचाही फरक नव्हता.

बल्गेरियानं उलटं केलं. नाव जोडलं नाही, काढून घेतलं. १९८४-८५च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट सरकारनं देशातल्या तुर्की लोकांची नावं बदलायला सुरुवात केली. गावांना सैन्याचा वेढा पडायचा, लोकांना बल्गेरियन नावांची यादी दाखवली जायची, एक निवडा म्हणून. नोंदवह्यांतली मेलेल्या आईबापांची नावंही बदलली गेली. जिवंत माणसाचं नाव बदलणं म्हणजे त्याला धाक घालणं, हे तरी कळतं. मेलेल्याचं बदलणं म्हणजे त्याला ज्यांनी कधी हाक मारली होती त्या सगळ्यांना खोटं ठरवणं.

यांतलाच एक होता नाईम सुलेमानोव्ह, वजन उचलणारा, उंची जेमतेम १४७ सेंटिमीटर, किशोरवयातच जागतिक विक्रम करणारा. नाईम हे अरबीतून आलेलं नाव, सुखासमाधानाचं. कागदावर त्याचा नाउम शालामानोव्ह झाला. १९८६मध्ये स्पर्धेसाठी मेलबर्नला गेला असताना तो आपल्या संघातून निसटला आणि तुर्कस्तानला पोहोचला. तिथे त्यानं आडनाव घेतलं सुलेमानोग्लू, ‘सुलेमानचा मुलगा’. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटात त्यानं स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात डोक्यावर, १५२.५ आणि जर्कमध्ये, म्हणजे दोन टप्प्यांत, १९० किलो, आपल्या वजनाच्या तिप्पटीहून अधिक, उचललं. सुवर्णपदक देताना पुकारलं गेलं ते नाईम सुलेमानोग्लू.

पुढच्याच वर्षी, १९८९च्या उन्हाळ्यात, तीन लाखांहून अधिक तुर्कांनी बल्गेरिया सोडला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये देशाचा कम्युनिस्ट प्रमुख टोडोर झिव्हकोव्ह सत्तेवरून गेला, आणि मार्च १९९०मध्ये नवा कायदा होऊन जुनी नावं परत घेण्याचा हक्क मिळाला. नावं परत मागणाऱ्यांची रीघ लागली. काहींनी मुलांना त्रास नको म्हणून कागदावरचं नाव तसंच राहू दिलं आणि घरातलं घरात ठेवलं. नाईमनं १९९२ आणि १९९६ अशी आणखी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली, दोन्ही वेळा त्याच नावावर.